गर्लफ्रेंड, बायको, वहिनी किंवा जवळची मैत्रीण ब्लॅक असेल तर तिची काळजी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं

हा लेख कोणासाठी ते आधी सांगते. तुम्ही शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आलाय, अटलांटा, ह्यूस्टन, मेरीलँड कुठेही, आणि तुमच्या आयुष्यात एक ब्लॅक बाई आहे. गर्लफ्रेंड असेल, लग्न ठरलं असेल, रूममेट असेल, किंवा भावाने लग्न केलंय आणि ती आता तुमची वहिनी आहे. माझं तसंच आहे, माझी वहिनी अटलांटाची, आणि खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं तिच्या, तिच्या बहिणींच्या आणि मावश्यांच्या गप्पांत बसून कळलेलं, बाकीचं वाचलेलं. जीव लावता ते ठीकच आहे हो, पण रोजच्या दिवसात काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं हे कोणी सांगत नाही, आणि ती स्वतः तर बिलकुल सांगणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवून वाचा. कोणी नायजेरियन आईवडिलांची असते, कोणी जमैकाहून आलेली, सगळ्यांचं घर एकसारखं नसतं. मी लिहितेय ते मुख्यतः ज्यांची घराणी पिढ्यान्पिढ्या अमेरिकेतच आहेत त्यांच्याबद्दल, म्हणजे खापरपणजी गुलामगिरीत जन्मलेली वगैरे. तुमच्या माणसाला काय लागू पडतं ते तुम्ही बघा.

पायरी १: "ती स्ट्रॉंग आहे, ती बघून घेईल" हे डोक्यातून काढा

शेरिल वुड्स-जिस्कोम्बे म्हणून नर्सिंगमधल्या संशोधक आहेत, त्यांनी ब्लॅक बायकांचे गट करून त्यांच्याशी बोलून २०१० मध्ये एक मांडणी केली, तिला सुपरवुमन स्कीमा म्हणतात. पाच गोष्टी आहेत त्यात: कायम खंबीर दिसायचं, भावना गिळायच्या, कोणावर अवलंबून राहायचं नाही, हातात काही नसलं तरी पुढे जायचंच, आणि सगळ्यांचं करायचं. वाचून तुम्हाला आपलीच आई किंवा आजी आठवेल, सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणारी, ते साहजिक आहे, पण इथे त्याच्यामागे वेगळा इतिहास आहे. गुलामगिरीत शेतात राबायचं आणि वर मालकाची पोरं सांभाळायची, गुलामगिरी गेल्यावर पुढची कितीतरी दशकं गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक, आणि १९३५ मध्ये सरकारने म्हातारपणाच्या पेन्शनसाठी सोशल सिक्युरिटीचा कायदा आणला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे दोन्ही त्यातून बाहेर ठेवले. म्हणजे नेमकं या बायका जे काम करायच्या तेच बाहेर. थकलं तर बसायची सोय कधी नव्हतीच, मग लेकींना काय शिकवणार, थकू नकोस हेच ना.

आणि त्याची किंमत शरीर देतं. आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलं की सततच्या ताणाने आणि वंशभेदाने ब्लॅक बायकांचं शरीर लवकर झिजतं. पैसा आला, डिग्री आली म्हणून ते पूर्ण थांबत नाही.

आता करायचं काय. पहिलं, आभार म्हणून "तू किती स्ट्रॉंग आहेस गं" म्हणणं बंद. तिला ते कौतुक वाटत नाही, अजून एक पोतं पाठीवर टाकल्यासारखं वाटतं. दुसरं, "काही मदत हवी का" हा प्रश्न विचारू नका, कारण मग काय हवं, कधी हवं, कसं करायचं हे सगळं परत तिनेच ठरवून तुम्हाला समजवायचं, त्यापेक्षा ती स्वतः पटकन करून टाकते. त्याऐवजी सांगा, "मंगळवारी जेवण माझ्याकडे, भांडी पण माझ्याकडे, तू सातनंतर काही करायचं नाहीस." आणि मंगळवारी खरंच करा, आणि पुढच्या मंगळवारी पण. मुलांनो तुम्हाला स्पेशली सांगतेय, घरी ताट समोर यायची सवय असते, इथे येऊन डाळ-भात शिकता आणि त्याचे फोटो टाकता, पण संपलेलं दूध आणणं, डिशवॉशर रिकामा करणं, गाडीचं ऑइल चेंज, इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर तासभर होल्डवर बसणं, यात खरी काळजी असते आणि याचा फोटो निघत नाही.

पायरी २: तिचा सेल्फ-केअर म्हणजे नुसता स्पा समजू नका

सेल्फ-केअर म्हटलं की आपल्याला मेणबत्त्या आणि फेस मास्क दिसतो. ब्लॅक बायकांमध्ये या गोष्टीला बराच जुना आणि गंभीर अर्थ आहे. ऑड्री लॉर्ड, कवयित्री, यांनी १९८८ मध्ये स्वतःची काळजी घेण्याबद्दल लिहिलं तेव्हा त्यांचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता, आणि ज्या जगाला तुमच्या जिवंत राहण्याशी फारसं घेणंदेणं नाही तिथे स्वतःला टिकवणं हीच एक लढाई असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच्याही आधी ब्लॅक पँथर पार्टी, ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, १९६६ ची, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची, आपल्याकडे फक्त बंदुका आणि काळी जॅकेट्स माहिती असतात, पण त्यांनी १९६९ पासून शाळेतल्या मुलांना फुकट नाश्ता दिला, फुकट दवाखाने काढले, सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी केली. त्यांच्यातल्या एरिका हगिन्स जेलमध्ये असताना योगासनं आणि ध्यान शिकल्या, खटला निकाली निघेपर्यंत डोकं जागेवर राहावं म्हणून. (योगा आपला आहे म्हणून उगाच मान ताठ करू नका, आपल्यातले किती जण करतात ते सांगा आधी.)

मग १९८३ मध्ये बिली एव्हरी यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात ब्लॅक बायकांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली, त्यातून बायकांचे छोटे छोटे सेल्फ-हेल्प गट निघाले, एकत्र बसून ब्लड प्रेशरपासून घरातल्या मारहाणीपर्यंत सगळं बोलायचं. आजही तेच वेगवेगळ्या रूपात चालू आहे. गर्लट्रेक नावाची संस्था ब्लॅक बायकांना रोज अर्धा तास चालायला बाहेर काढते, अटलांटाच्या ट्रिशिया हर्सी यांनी २०१६ मध्ये नॅप मिनिस्ट्री सुरू केली, तिथे बायका चक्क एकत्र येऊन झोपतात, आणि त्यामागे विचार असा की आराम हा कामाचं बक्षीस नाही, तो हक्काचा आहे.

तर यातून तुमच्यासाठी काय. ती शनिवारी सकाळी मैत्रिणींबरोबर चालायला जात असेल, रविवारी चर्चनंतर मावश्यांकडे तीन तास बसत असेल, तर "अजून किती वेळ" असा मेसेज करू नका. मैत्रिणींच्या त्या गटाचा हेवा करू नका, तुम्ही नव्हता तेव्हा तिला त्यांनीच सांभाळलंय. उलट तो वेळ मोकळा राहील असं बघा, पोरं असतील तर पोरांना घेऊन तुम्ही बाहेर पडा. तिने थेरपी सुरू करायची म्हटली तर "कशाला, माझ्याशी बोल की" हे वाक्य गिळून टाका. थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स या साइटवर थेरपिस्टची यादी आहे, अटलांटाच्या सायकॉलॉजिस्ट जॉय हार्डन ब्रॅडफोर्ड यांनी सुरू केलेली, आणि पैशाची अडचण असेल तर लव्हलँड फाउंडेशन थेरपीच्या खर्चाला मदत करतं, त्यांचे अर्ज ठराविक वेळी उघडतात ते तुम्ही लक्ष ठेवून तिला सांगू शकता. आत काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. ती सांगेल तेवढं ऐकायचं. फारच वाईट रात्र असेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर ९८८ हा नंबर अमेरिकेत कुठूनही चोवीस तास लागतो.

पायरी ३: केस. हे नीट वाचा

नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच गडबडतात. वॉश डे म्हणजे डोक्यावर पाणी ओतून दहा मिनिटांत बाहेर असं नसतं. आधी तेल किंवा कंडिशनर लावून गुंता सोडवायचा, तोही भाग करून करून, टोकाकडून मुळाकडे, मग शाम्पू, मग डीप कंडिशनर लावून बसायचं, मग लीव्ह-इन (न धुता केसांत तसंच ठेवायचं कंडिशनर), मग वेण्या किंवा ट्विस्ट घालून वाळवायचे, अर्धा दिवस सहज जातो. त्या दिवशी ती बाहेर जायचं टाळेल, तर चिडू नका, प्लॅन दुसऱ्या दिवशी ठेवा, जेवण तुम्ही मागवा. बारीक ब्रेड्स (म्हणजे वेण्या) घालायला सलूनमध्ये सहा-सात तास बसावं लागतं आणि शंभर डॉलरच्या बऱ्याच वर जातं ते. एवढे पैसे केसांना कशाला असं कोणी म्हणालं तर म्हणावं, तुमच्या क्रिकेट लीगचं किट केवढ्याला पडलं.

हात लावायचा नाही. नवरा असाल, बॉयफ्रेंड असाल तरी विचारून. बाकीच्यांनी तर विचारायचंही नाही.

रात्री सॅटिनची बॉनेट (सैल टोपी) किंवा स्कार्फ बांधून झोपतात कारण सुती उशी केसांतला ओलावा शोषून घेते आणि घासून केस तुटतात. म्हणून तुमच्या घरी ती राहायला येत असेल तर उशीला सॅटिनचा अभ्रा घाला आणि एक नवी बॉनेट खणात ठेवून द्या, फार तर वीस-पंचवीस डॉलरचं काम आहे आणि माझ्या भावाने हे केलं त्या दिवशीच त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं असं माझी वहिनी हसत हसत सगळ्यांना सांगते.

केस इथे नुसते दिसण्यापुरते कधीच नव्हते. १७८६ मध्ये लुइझियानात स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला होता की ब्लॅक बायकांनी केस कापडाने झाकायचे, आणि अगदी अलीकडेपर्यंत ब्रेड्स किंवा लॉक्स (जटांसारखे केस) ठेवले म्हणून नोकरी नाकारणं, शाळेतून घरी पाठवणं चालायचं, त्याच्याविरुद्धचा क्राउन ॲक्ट पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला, मग एकेक करत बऱ्याच राज्यांनी, पण सगळ्या देशाला लागू असा कायदा त्यातून झालेला नाही. नोकरी टिकावी म्हणून कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं केमिकल रिलॅक्सर लावून केस सरळ केले. २०२२ मध्ये अमेरिकन सरकारी आरोग्य संस्थेच्या अभ्यासात दिसलं की जास्त वेळा हे केमिकल वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के, न वापरणाऱ्यांत १.६४. तेव्हा "केस सरळ केलेस की काय मस्त दिसतेस" हे बोलायच्या आधी दोनदा विचार करा. आणि आजीचं जास्वंद-माक्याचं तेल प्रेमाने आणलंत तर द्या, पण लावच म्हणून मागे लागू नका, तिच्या केसांना काय चालतं हे तिला लहानपणापासून माहितीये.

भारतात घेऊन जाताना तिची सगळी प्रॉडक्ट्स चेक-इन बॅगेत आधी, मग तुमच्या मित्रांसाठीची चॉकलेट्स. पुण्या-मुंबईत तिच्या केसांचं काम येणारं सलून सहजासहजी मिळणार नाही, म्हणून बहुतेक जणी ब्रेड्स घालूनच निघतात, तर निघायच्या आदल्या आठवड्यात तिला तो एक पूर्ण दिवस मोकळा मिळाला पाहिजे. लग्न असेल तर मेकअपवालीला तिचा फोटो आधी पाठवा आणि त्या शेडचं फाउंडेशन आहे का विचारा, नसेल तर अमेरिकेतूनच न्या, ऐन मांडवात राखाडी चेहरा घेऊन बसायची वेळ नवरीवर येऊ देऊ नका.

पायरी ४: डॉक्टरकडे सोबत जा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये अमेरिकेत दर १ लाख जन्मांमागे ५०.३ ब्लॅक आयांचा बाळंतपणाशी संबंधित कारणाने मृत्यू झाला, गोऱ्या बायकांत हा आकडा १४.५. शिक्षण आणि पैसा असला तरी फरक राहतोच. सेरेना विल्यम्सचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये सिझेरियन झाल्यावर तिला धाप लागली, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास तिला आधी होता म्हणून तिने स्वतः सांगितलं की सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करायचं औषध द्या, नर्सला वाटलं पेनकिलरमुळे बडबडतेय, आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही, शेवटी स्कॅन केला तर फुफ्फुसात गुठळ्या. जगात नंबर वन राहिलेली खेळाडू, स्वतःचं शरीर जिला इंच न् इंच माहिती, तिला हट्ट धरावा लागला.

याची मुळं फार जुनी आहेत. १८४० च्या दशकात अलाबामात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने गुलाम बायकांवर भूल न देता ऑपरेशनं केली, त्यातल्या ॲनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही तीन नावं आज माहिती आहेत, आणि त्या डॉक्टरचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातून निघाला २०१८ मध्ये. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात साधारण निम्म्या गोऱ्या मेडिकल स्टुडंट्स आणि रेसिडेंट डॉक्टरांना ब्लॅक लोकांच्या शरीराबद्दल किमान एक खोटी गोष्ट खरी वाटत होती, कातडी जाड असते वगैरे. म्हणजे ती दुखतंय म्हणते तेव्हा समोरचा कमी धरतो. तुम्ही कमी धरू नका.

जायच्या आधी दोघांनी बसून लिहून काढा, कधीपासून काय होतंय, कुठली औषधं, घरात कोणाला काय होतं. तुम्ही बोलायचं की नुसतं बसायचं हे तिला विचारून ठरवा, कारण तिच्या डोक्यावरून डॉक्टरशी गप्पा मारणारा नवरा पण नको असतो. आत तुमचं काम नोट्स काढणं. डॉक्टर एखादी तपासणी नको म्हणाले तर शांतपणे म्हणायचं, "तपासणी मागितली होती आणि तुम्ही नको म्हणालात, कारणासहित हे फाइलमध्ये लिहाल का," यावर बऱ्याचदा विचार बदलतो. पाळीत खूप रक्त जातंय, पोट दुखतंय, तर फायब्रॉइडचं (गर्भाशयातल्या गाठी) विचारा, पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त ब्लॅक बायकांना होतात आणि लवकर वयात होतात, "पाळीत सगळ्यांनाच दुखतं" असं तुम्ही म्हणू नका आणि डॉक्टरलाही म्हणू देऊ नका. स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू होण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आहे, तेव्हा मॅमोग्रामची तारीख तुमच्याही कॅलेंडरवर हवी. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, आकडा ठीक आहे पण तिला श्वास घेता येत नाहीये तर आकडा सोडा, इमर्जन्सी गाठा.

दिवस गेले असतील तर डूलाचा विचार करा, काही राज्यांत मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) त्याचे पैसे देतं. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या बाजूने उभी राहणारी अनुभवी बाई. आणि बाळंतपणानंतर वर्षभर लक्ष ठेवायचं: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यासमोर अंधारी किंवा ठिपके, चेहऱ्याला-हातांना सूज, छातीत दुखणं, धाप, एका पायात सूज आणि दुखणं, खूप रक्तस्राव, ताप. यातलं काहीही दिसलं तर जा आणि दारातच सांगा की हिचं बाळंतपण वर्षाच्या आत झालंय. आपल्या आया बाळंतिणीला चाळीस दिवस खोलीत ठेवून डिंकाचे लाडू, शेक, मालिश करतात ना, ते सगळं द्या, तिला आवडेल ते, पण ब्लड प्रेशरचं मशीन घरी ठेवा.

पायरी ५: ती चिडली की

आवाज वाढला की "शांत हो" म्हणू नका. ब्लॅक बाईने साधी तक्रार केली तरी ऑफिसात ती रागीट ठरते, म्हणून दिवसभर तोलून मापून बोलून ती घरी येते, घरी तरी मोजून बोलायला लागू नये. मॅनेजर असं असं बोलला म्हणून सांगितलं तर मॅनेजरची बाजू समजावायला बसू नका, पुरावा मागू नका. ऐका, आणि विचारा की आता काही करायचंय का नुसतं ऐकायचंय.

पायरी ६: आपल्या घरच्यांना तुम्ही सांभाळा

आपल्याकडे रंगाचं काय चालतं ते मी वेगळं सांगायला नको, स्थळाच्या जाहिरातीत गोरी, क्रीम गोरं करणारी, उन्हात जाऊ नकोस काळी पडशील. आईबाबा सहा महिने राहायला येणार असतील तर विमानात बसायच्या आधीच फोनवर स्पष्ट बोला: काय बोलायचं नाही, केसांना हात लावायचा नाही, आणि स्वयंपाकघरात सुनेची परीक्षा घ्यायची नाही. जेवणाच्या टेबलावर सगळे मराठीत सुरू झाले की तिच्यासाठी अधूनमधून सांगत राहणं तुमचं काम. कोणी तिच्या समोर मूर्खासारखं बोललं तर तिथल्या तिथे तुम्ही थांबवा. तिला थांबवावं लागलं तर ती आयुष्यभर "उद्धट सून" होईल, तुम्ही थांबवलंत तर फार तर दोन दिवस अबोला.

काकांना इतिहासाची आवड असेल तर महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलंय हे सांगा, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यु बॉइस या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहिलं होतं तेही. काकांना गप्प करायला हे बऱ्यापैकी चालतं, माझा अनुभव आहे.

पायरी ७: ती "राहू दे" म्हणेल तेव्हा

म्हणेलच. जिने लहानपणापासून सगळं स्वतः केलंय तिला कोणी केलेलं घेता येत नाही पटकन, अवघडल्यासारखं होतं, कधी कधी चिडचिडही होते, की आता हा काय मागणार बदल्यात. म्हणून हिशोब ठेवू नका, "मी एवढं केलं" काढू नका, आणि एक महिना करून थकू नका. ती उठून किचनमध्ये आली आणि म्हणाली दे इकडे, मी करते, तर भांडण न करता "जवळजवळ झालंच" म्हणून घासत राहा. फक्त तिची पद्धत विचारून घ्या. ओट्यावर काळा जड कास्ट आयर्नचा स्किलेट असेल तर तो बऱ्याचदा तिच्या आजीचा असतो, तो सिंकमध्ये रात्रभर भिजत घातलात तर आधीची सगळी पुण्याई गेली समजा. गरम पाणी, ब्रश, लगेच कोरडा पुसून गॅसवर गरम करायचा आणि तेलाचा हात फिरवायचा. बिडाचा तवा सांभाळलेला असेल घरी तर येतंच तुम्हाला.